कोऱ्या चहातलं लोखंड

लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तेव्हा माझं वय सतरा आणि ओठांना रंग म्हणून नव्हता. नखं पांढरी, तीही मधून खोलगट, पळीसारखी. चौथीपर्यंत शिकलेली, भाकरीला हात चांगला, एवढ्यावर मला पसंत केलं. मुलगी दाखवताना माझ्या आईनं गालांना कुंकू चोळून ठेवलं होतं. मुंबईला आल्यावर कुंकू उतरलं आणि सासूला खरा रंग दिसला. फसवून दिलेला माल परत करायचा असतो, असं ती वर्षभर म्हणत राहिली. तिचं ते म्हणणं मी विसरलेले नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही.

सासूची खाणावळ होती. गावाकडचे बारा गडी, सगळे गिरणीत, दोन वेळा आमच्या खोलीत जेवायचे. कुणी पहिल्या पाळीचा, कुणी दुसऱ्या, म्हणून चूल दिवसभर तापलेलीच. पाणी तळमजल्याच्या नळावर, आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. डोक्यावर हंडा घेऊन निघाले की पहिला मजला मी चढायची, दुसऱ्याच्या वळणावर डोळ्यांपुढे काजवे यायचे. हंडा कठड्याला टेकून उभी राहायची. खाली रांगेतल्या बायका बघत असायच्या.

खायला मी कमी नव्हते. हे खरं सांगायला हवं, कारण सगळं भांडण त्यावरच होतं. गडी जेवून उठले की उरलेला भात, कालवणाचा तळ, करपलेली भाकरी, सगळं मी खायची, आणि पोटभर खायची. तरी हाडं वर आणि मान खाली.

"हिका कितीय घाला, अंगाक लागणा नाय," सासू गड्यांसमोर म्हणायची. "खाल्लेला जाता खंय कोण जाणे. ह्या पोट नाय, नळ असा नळ. वरसून घाला, खालसून जाता."

गडी हसायचे. त्यांना जेवताना करमणूक लागायची. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे दिवस होते, सगळ्यांचे घसे घोषणा देऊन बसलेले. त्यांत एक गिरणीच्या पानखात्यातला होता, मागासाठी सुताची पानं लावणारा, वयानं मोठा, त्याची जीभ सगळ्यांत पुढे. तो ताट पुढे करून म्हणायचा, "मावशे, भात वाढ. वाढलाच पाहिजे!" आणि माझ्याकडे बघून, "सूनबाईक नको वाढू, तिचो नळ गळता."

आणखी एक गोष्ट होती, ती मी लपवायची. मी पाटीवरची पेन्सिल खायची. लहान मुलांच्या पाटीची, दगडी. समोरच्या खोलीतली शेजारीण मुलांना पेन्सिली आणायची, त्यांतल्या दोन मी उचलायची. कुडुम कुडुम चावताना जी तृप्ती व्हायची तशी भातानं कधी झाली नाही. चुलीजवळची भाजकी मातीही खाल्ली. का खाते ते मला ठाऊक नव्हतं. लाज मात्र वाटायची. शेजारणीनं एकदा पकडलं तेव्हा ओरडली नाही. म्हणाली, "मी पहिल्या खेपेला भिंतीचा चुना खाल्ला होता. दवाखान्यात जा गो बाई, रक्त नाय तुझ्यात."

त्या वर्षी मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. चार दिवसांनी सासूनं पुन्हा हंडा हातात दिला आणि तिच्या एकुलत्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, माझ्यादेखत सांगितलं, "शिमग्यापर्यंत बघतंय. रंग इलो तर इलो, नायतर हिका बोटीर घालतंय. माझ्या भावाची चेडू असा, हाडापेरान बरी."

म्हणजे शिमग्याला चाळीतली माणसं गावी जातात त्यांच्याबरोबर भाऊच्या धक्क्यावरून मला बोटीत बसवायचं, आणि परत आणायचं नाही. तिच्या भावाची मुलगी माझ्या जागी यायची. एक बायको असताना दुसरी करायची नाही असा कायदा झाला होता म्हणतात, पण कायदा आमचा जिना चढून वर येत नसे. माहेरी आई विधवा, भावाच्या चुलीवर. तिथे परत गेलेल्या बाईचं काय होतं ते मी माझ्या आत्याच्या बाबतीत पाहिलं होतं. गोठ्यात झोपायची ती. माझ्यापुढे गोठा होता.

नवरा काय म्हणाला? काही नाही. तो गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा. तिथल्या आवाजात माणसं बोलणं सोडून देतात, तसं त्यानं घरीही सोडलं होतं.

दिवाळी झाली आणि शेजारीण मला परळच्या एका धर्मादाय दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, "हिच्या अंगात रक्त आहे की ताक?" आधी जंतांचं औषध दिलं. कोकणातली, शेतात अनवाणी वाढलेली, म्हणजे आतड्यात आकड्यासारखे बारीक जंत असणारच, ते रक्त पितात, असं म्हणाले. जंत पडले. मग लोखंडाचं पातळ औषध लिहून दिलं, दिवसातून दोनदा.

औषध कंपाउंडर द्यायचा. त्याच्या आणि आपल्यामध्ये एक खिडकी, खिडकीला दगडी कठडा. बाटली घरून न्यायची. तो ती भरायचा, बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा, म्हणजे एक खाच एक वेळ. औषधाचा रंग गंजाचा आणि चवही गंजलेल्या खिळ्याची.

कंपाउंडर वरळीच्या बीडीडी चाळीतला. त्याच दसऱ्याला तो नागपूरला जाऊन धर्म बदलून आला होता, घरातले देव काढून बुद्धाची तसबीर लावली होती. परळ-लालबागमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, तो लपवतही नव्हता. पण माझ्या सासूच्या लेखी त्याचं काहीच बदललेलं नव्हतं. आमच्या घरी त्याच्या जातीच्या माणसाचा हात लागलेलं चालत नसे. आणि मी काही वेगळी नव्हते, हेही लिहिते. मी बाटली कठड्यावर ठेवायची. तो ती उचलायचा, भरायचा आणि न बोलता परत कठड्यावरच ठेवायचा. त्याला सवय होती. मग मी उचलायची.

घरी आले तर सासू दारातच. "कोणी भरल्यान बाटली?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. औषध फेकून देणार असं मला वाटलं, पण फुकट मिळालेलं फेकायला तिचा जीव होईना. तिनं मार्ग काढला. चुलीवर गुळाचा कोरा चहा उकळत ठेवला आणि औषधाची एक खाच त्यात ओतली. "आगीतसून गेला की चलता," म्हणाली. दूध आगीवर शुद्ध होतं, सोनं होतं, तसं औषध होईल, असा हिशेब. मला तोही हिशेब पटला. चहाच्या चवीत खिळ्याची चव दबायची, हे तर बरंच होतं.

दोन महिने मी तो चहा प्याले. सकाळी एक पेला, दुपारी एक. सासू स्वतः उकळायची, माझ्यावर सोडायची नाही. पेला हातात देऊन समोर बसायची, शेवटच्या घोटापर्यंत.

आणि काही झालं नाही. ओठ तेच, नखं तीच, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काजवे तेच. पेन्सिली तर वाढल्या.

"औषधय अंगाक लागणा नाय हिच्या," सासू गड्यांना भात वाढता वाढता म्हणाली. पानखात्यातला म्हणाला, "मावशे, आता बोटीचा तिकीट काढ." तिनं सांगितलं, कुणालातरी सांगून ठेवलंच आहे. मी चुलीपाशी बसून भाकरी उलटत होते. हाताला चटका बसला तेव्हा कळलं की तव्यावर हात टेकून बसले आहे.

त्यानंतर मी दवाखान्यात गेले ती भीतीनं. डॉक्टरांनी पापणी ओढली आणि आवाज चढवला. "दोन महिने औषध नेतेस आणि गटारात ओततेस काय? खोटं बोलू नकोस!" मी रडले नाही. मला रडणं यायचं ते एकटीला. खिडकीपाशी येऊन कठड्यावर बाटली ठेवली. कंपाउंडरनं आतून सगळं ऐकलं होतं. तो बाटली उचलेना.

"बाई, औषध कसं घेता?"

"चहातून."

"चहातून? घोटभर चहा वरून पिता की औषध चहात घालता?"

"चहात घालून उकळतो."

"उकळता! कशाला?"

मी वळून बघितलं. मागे रांग होती. मी म्हटलं, "तुमचा हात लागतो म्हणून."

मागची एक बाई खाकरली. कंपाउंडरचा चेहरा बदलला नाही. त्याच्या टेबलावर त्याचा स्वतःचा चहा होता, अर्धा पेला, निवलेला. तो त्यानं कठड्यावर ठेवला, औषधाच्या मोठ्या बाटलीतून चमचाभर त्यात ओतलं आणि म्हणाला, "बघा."

चहा काळा झाला. सावळा नव्हे, काळा. शाळेत दौतीत असायची तशी शाई.

"पाहिलीत? शाई. जुने लोक खरंच अशी शाई करायचे, हिरडा नि लोखंड घालून. शाई पिऊन रक्त होत नाही. दोन महिने तुम्ही दौत प्यायलात."

मी पेल्याकडे बघत राहिले. हा काळा रंग मी घरी रोज बघत होते. पण चहा असाच होतो औषधानं, असं समजून चालले होते.

मग त्यानं पट्टीची गुंडाळी घेतली, जखमेला बांधतात ती, आणि खिडकीतून एक टोक माझ्याकडे टाकलं. "धरा." मी धरलं. तो मागे मागे गेला, पट्टी सुटत गेली, खोलीच्या टोकाला जाऊन तो वळला, परत आला, पुन्हा गेला. "चौदा हात. एवढं बारीक आतडं असतं पोटात, वळकटी करून ठेवलेलं. तुमच्या चाळीची गॅलरी केवढी?"

"असेल तेवढी."

"मग आतडं म्हणजे गॅलरी समजा. दोन्ही बाजूंना दारं. अन्न म्हणजे फेरीवाला, एका जिन्यानं चढतो, दुसऱ्या जिन्यानं उतरतो. दारातल्या बायका आपल्याला हवं ते घेतात. कुणी साखर घेते, कुणी मीठ, कुणी तेल-तूप. पाणी तर पुष्कळ दारं घेतात, उरलंसुरलं शेवटच्या जाड आतड्यात. तिथंही घेतलं नाही तर हगवण. पण लोखंड घेणारी दारं कुठं आहेत माहीत आहे?" त्यानं माझ्या हातातल्या टोकापासून वीतभर अंतरावर पट्टीला गाठ मारली. "इथं. एवढीच पहिली वीत. तिथली दारं लोखंड घेतात. तिथं हुकलं की पुढं कुणी फारसं विचारत नाही. तुमच्या दारांवर आधी जंत बसले होते, ते आपण हाकलले. मग लोखंड आलं, पण चहाच्या मिठीत आलं. ती गाठ दाराला सुटत नाही. फेरीवाला माल तसाच घेऊन पलीकडच्या जिन्यानं उतरला. रोज."

रांगेतल्या बायका पुढे सरकून ऐकत होत्या. एकीनं विचारलं, "मग घ्यायचं कसं?"

"रिकाम्या पोटी. लिंबू पिळलेल्या पाण्यात, नाहीतर आवळा, कोकम, काहीही आंबट. आंबटानं दारं उघडतात. चहा मागून, दोन तासांनी. दात काळे पडतील, चूळ भरा. संडासला काळं होईल, घाबरू नका." मग बाटली भरून पट्टी चिकटवली आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलला. "माझ्या हाताचा विटाळ आगीत गेला की नाही, ते तुमच्या सासूबाईंना विचारा. औषध मात्र गेलं."

त्यानं बाटली कठड्यावर ठेवली. मी हात पुढे करायला हवा होता. केला नाही. ते मला आजही टोचतं, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात तो नव्हता. डोक्यात सासू होती.

सासूला सांगून उपयोग नव्हता. आगीतून न गेलेलं औषध तिनं मला घेऊ दिलं नसतं. शेजारणीनं बाटली तिच्या फडताळात ठेवली. सकाळी मी पाण्याला उतरताना तिच्या दारात थांबायची, ती लिंबू पिळून ठेवायची, मी एक खाच घालून घटकन प्यायची, चूळ भरायची. दुपारचंही तसंच. घरी तशीच दुसरी बाटली ठेवली, तिच्यात शेजारणीच्या पानदानातला कात पाण्यात कालवून भरला. रंग तोच, गंजाचा. सासू तो रोज आपल्या हातानं चहात उकळायची आणि मला पाजायची, आणि मी तिच्यासमोर बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायची, पण खऱ्या औषधानंतर दोन तास गेल्याशिवाय पेल्याला हात लावायची नाही. पोट दुखतं, भाकऱ्या राहिल्यात, काहीतरी कारण काढायची. इतक्या आनंदानं मी कधी काही खोटं केलेलं नाही.

दहा-बारा दिवस झाले असतील. सासू चहाच्या भांड्यात डोकावून म्हणाली, "चाय काळी कशी होणा नाय आता?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"आधी काळीकुट्ट होय. माका बरा वाटा. विटाळ तो, आगीर घातलो की भायर येता, काळो होऊन." तिनं चमच्यानं चहा ढवळला. "आता तो कंपाउंडर नाय काय थंय?"

म्हणजे ती बघत होती. दोन महिने तिनं रोज तो काळा रंग बघितला होता, आणि तिला बरं वाटलं होतं. माझ्या रक्ताची शाई होत होती आणि ती विटाळ जळतो म्हणून समाधानानं समोर बसत होती. तोवर मला तिचा राग होता. त्या सकाळी राग संपला आणि दुसरं काहीतरी बसलं. ते शांत होतं. त्याला घाई नव्हती.

"तो गेला," मी म्हटलं. "आता दुसरा आहे."

"बरा झाला," ती म्हणाली.

पौष गेला. एके दिवशी हंडा घेऊन तिसऱ्या मजल्यावर आले आणि दारात उभी राहून मला आठवेना की दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबले होते की नाही. थांबले नव्हते. दुसरं म्हणजे शेजारणीच्या मुलाची पेन्सिल आमच्या उंबऱ्यात पडलेली, मी उचलून त्याला देऊन टाकली, आणि देऊन झाल्यावर लक्षात आलं की खावीशी वाटली नाही. पापणी ओढून आरशात बघायची मला सवयच लागली. आत डाळिंबी रंग यायला लागला होता. तो मी सासूपासून लपवला. मान खाली, पाय ओढत चालायची, हंडा मुद्दाम वळणावर टेकवायची. शिमग्याआधी तिला कळायला नको होतं. मला ते माझ्या वेळेला सांगायचं होतं.

बोटीच्या आदल्या दिवशी, रविवारी, बाराही गडी एकदम जेवायला बसले. माझी ट्रंक भरून दाराशी ठेवलेली. सासूनं त्यावर तिकीट ठेवून वर अडकित्ता ठेवला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून. नवरा भिंतीला टेकून बसलेला.

मी वाढून झाल्यावर पंगतीच्या मधोमध दोन पेले ठेवले. एकात कोरा चहा, एकात लिंबाचं पाणी. शेजारीण खरी बाटली घेऊन दारात उभी होती. ती घेऊन मी दोन्ही पेल्यांत एक एक खाच ओतली.

"गम्मत बघा," मी म्हटलं.

चहा काळा झाला. लिंबाचं पाणी तसंच राहिलं.

"ही शाई सासूबाईंनी मला दोन महिने पाजली. रोज बघून पाजली."

पानखात्यातल्यानं घास हातात धरला. "मावशे! पोरीक शाई पाजलंस?" तो मोठ्यानं हसला, आणि त्याच्यामागोमाग सगळे. "म्हणून अंगाक लागणा नाय! शाई अंगाक लागता? कागदाक लागता!"

सासू उठली. "कसली शाई? तो विटाळ—"

"विटाळ तुमच्या पोटात आहे," मी म्हटलं. गडी हसायचे थांबले. "गेले अडीच महिने मी त्याच कंपाउंडरनं भरलेलं औषध आगीवर न घालता पितेय. तुम्ही उकळत होतात तो कात. माझ्या आतड्यानं ते औषध घेतलं. त्याचं रक्त झालं. बघा." मी सगळ्यांसमोर पापणी ओढली. "त्या रक्ताच्या हातांनी मी अडीच महिने रोज तुमच्या भाकऱ्या थापल्या. तुम्ही खाल्ल्यात, अंगी लागल्यात. आता काढा बघू बाहेर."

दोन गडी ताटावरून उठले, हात धुवायलाही थांबले नाहीत. ते पुन्हा कधी जेवायला आले नाहीत. सासू म्हणाली, "भायर हो. आत्ता. उद्याची वाट कशाक?" आणि ट्रंकेवरचा अडकित्ता उचलला.

तेव्हा भिंतीपाशी आवाज झाला. मला कळेना कोण बोललं.

"आये, मोर्चात माझा डोका फुटला तेव्हा त्याच कंपाउंडरान पट्टी बांधल्यान," माझा नवरा म्हणाला. "मी त्याच्या हातचा पाणी प्यालंय. दोन तांबे. घरी येऊन जेवलंय तुझ्या ताटात." तो उठला आणि माझी ट्रंक उचलून खाटेखाली सरकवली.

पानखात्यातला म्हणाला, "मावशे, बस. महाराष्ट्र एक करूक निघालंव आपण, आणि तू पंगत मोडतंस? भात वाढ." या वेळी घोषणा दिली नाही.

लोकांना वाटतं त्या दिवशी मी नवऱ्याला माफ केलं असेल. नाही केलं. त्याचं डोकं फुटलं होतं ते माझ्या औषधाच्या किती तरी आधी. हे एक वाक्य तो दिवाळीला बोलला असता तर चहा उकळलाच नसता. हे मी त्याला तो जिवंत असेपर्यंत ऐकवलं.

तिकीट वाया गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सासू त्याच तिकिटावर बोटीत बसली, भावाकडे. खाणावळ मी चालवली. दहा गड्यांचे पुढे चौदा झाले.

पावसानंतर बोटी सुरू झाल्या आणि सासू परत आली. भावाच्या बायकोनं ठेवून घेतलं नव्हतं. जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती कठडा धरून उभी राहिली. मी वरून बघत होते. खाली जाऊन हात दिला नाही. वर आल्यावर तिच्या ओठांकडे बघितलं आणि मला कळलं. गावी पेज आणि कोरा चहा यांच्यावर तिचे सहा महिने गेले होते.

तिला मी त्याच दवाखान्यात नेलं. बाटली माझ्या हातात. कंपाउंडरनं भरली आणि सवयीनं कठड्यावर ठेवायला वाकला.

"नाही," मी म्हटलं, "यांच्या हातात द्या."

त्यानं सासूकडे बघितलं, मग माझ्याकडे. ही बाई कोण ते त्याला कळलं असणार. "ताई," तो म्हणाला, "तुमचा सूड तुमच्या हातानं उगवा. माझा हात औषध द्यायला आहे." आणि बाटली कठड्यावर ठेवून पुढच्या बाईची बाटली घेतली.

मला चपराक बसल्यासारखं झालं. त्याचं बरोबर होतं. पण म्हणून माझं मन बदललं नाही. फक्त सूड घरी घेऊन आले. बाटलीही मीच उचलली, या वेळी त्याच्याकडे बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूपुढे दोन पेले ठेवले. "चहा की लिंबू?" विचारलं.

ती पेल्यांकडे बघत बसली. मी बसू दिलं. चूल पेटवली, पीठ मळलं, तीन भाकऱ्या थापल्या.

"लिंबू," ती म्हणाली.

आगीवर न घातलेलं, त्याच्या हातचं. मी त्यात अख्खं लिंबू पिळलं, साखर घातली नाही, आणि समोर बसले, शेवटच्या घोटापर्यंत, ती बसायची तशी. आंबटानं तिचं तोंड वाकडं झालं. औषध तीन महिने चाललं. रंग आला तिला, हंडाही उचलायला लागली, आणि मी तो तिच्याकडून उचलवून घेतला. पण मला आठवतं ते तिचं वाकडं झालेलं तोंड. सकाळी एकदा, दुपारी एकदा. मी एकही खेप चुकवली नाही.